अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पूर्वजाचा माग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सून किंवा जावई जुन्या अमेरिकी घराण्यातले असलेली मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. नातवंडांचा वंशवृक्ष काढायला बसलं की एक फांदी कोकणात नाहीतर देशावर जाते आणि दुसरी सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्स किंवा व्हर्जिनियात. ही दुसरी फांदी शोधताना पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणादाखल बऱ्याच ठिकाणी एकच माणूस येईल : १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला, म्हणजे आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या इंग्रज वसाहतीत, आलेला जॉन हाउलंड. तो नोकर म्हणून आला होता आणि त्याने आत्मचरित्र वगैरे काही लिहून ठेवलेलं नाही. तरीही त्याचं अमेरिकेतलं बावन्न वर्षांचं आयुष्य इतरांनी केलेल्या नोंदींवरून बऱ्यापैकी उभं करता येतं.

आमच्या सुनेचे पूर्वज मेफ्लॉवरवरून आले असं तिच्या माहेरी सांगतात. मग त्या पूर्वजापासून सुरुवात करून खाली यायचं का?

नाही, सुनेपासून सुरुवात करून मागे जायचं. हाउलंडला दहा मुलं होती आणि त्याचा वंश इतका फोफावला की फ्रँकलिन रूझवेल्ट आणि दोन्ही बुश अध्यक्ष त्यात येतात. वरून खाली यायला लागलात तर कुठल्या ना कुठल्या फांदीवर तुमच्या सुनेच्या आडनावाचा माणूस सापडणारच, आणि तो तिचाच पूर्वज आहे असं मानायचा मोह होणार. मागे जाताना हा मोह टळतो, कारण प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न असतो : हे मूल याच आईबापांचं, असं सांगणारा कागद कुठे आहे? तो मिळेपर्यंत पुढच्या पिढीला हात लावायचा नाही.

घरातलं सांगणं मात्र लिहून ठेवा, कोणी सांगितलं त्यासकट. त्यात बहुधा काहीतरी खरं असतं. फक्त नाव, पिढी किंवा गाव सरकलेलं असतं.

जनगणनेवरून किती मागे जाता येतं?

सोपं काम १८५० पर्यंत. अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि तिची मूळ पानं ७२ वर्षांनी खुली होतात. त्या नियमाने १९५० ची पानं २०२२ साली सर्वांना पाहायला मिळाली. १८८० पासून प्रत्येक माणसाचं कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं सापडतं. १८५० ते १८७० च्या नोंदींत नाव आहे, नातं नाही, त्यामुळे एका घरातली बाई त्या माणसाची बायको की बहीण हे दुसऱ्या कागदावरून ठरवावं लागतं. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटांनुसार आकडे. १८९० ची जवळजवळ सगळी जनगणना वॉशिंग्टनला १९२१ मध्ये लागलेल्या आगीनंतर गेली, म्हणून १८८० आणि १९०० यांच्या मधली वीस वर्षं इतर नोंदींनी भरून काढावी लागतात.

जनगणना संपली की पुढे काय?

इथून पुढे प्रदेश बघून चालावं लागतं. न्यू इंग्लंडमध्ये दप्तर गावाचं. मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीने १६३९ मध्येच जन्म, लग्न आणि मृत्यू नोंदवायचा हुकूम काढला होता आणि तिथल्या बहुतेक गावांच्या १८५० पर्यंतच्या नोंदी छापून झाल्या आहेत. व्हर्जिनियात आणि एकूण दक्षिणेत दप्तर काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कोर्टाचं आणि पॅरिशचं, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या इलाख्याचं. तिथे जन्मनोंद मिळण्याची आशा कमी, पण जमिनीचे आणि वारशाचे कागद भरपूर.

कुठलाही कागद हातात आला की तो कशासाठी लिहिला गेला, हे आधी विचारा. सतराव्या शतकात तुमच्या सोयीसाठी कोणी काही लिहिलेलं नाही. जमीन वाटायची होती, कर घ्यायचा होता, भांडण मिटवायचं होतं, मेलेल्या माणसाची भांडीकुंडी मोजायची होती, म्हणून नावं कागदावर आली. कारण कळलं की त्या यादीत कोण असणार, कोण नसणार आणि कोणाला खोटं बोलायचं कारण होतं, हे कळतं. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात याहून मोठं कौशल्य नाही. बाकीचं सवयीने येतं.

हे प्रत्यक्षात कसं करतात? एखाद्या माणसाचं आयुष्य खरोखर उभं करून दाखवाल का?

हाउलंडचंच घेऊ.

पहिला साक्षीदार विल्यम ब्रॅडफर्ड. तो वसाहतीचा दीर्घकाळ गव्हर्नर होता आणि त्याने वसाहतीचा इतिहास स्वतःच्या हाताने लिहिला. प्रवासातल्या एका वादळात हाउलंड डेकवर आला आणि समुद्रात फेकला गेला, पण बाहेर लोंबणारा शिडाचा दोर त्याच्या हाती लागला आणि त्याला हुकाने वर ओढून घेतलं, असं ब्रॅडफर्ड सांगतो. तिथे तो त्याला धट्टाकट्टा तरुण म्हणतो. हे विशेषण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. शेवटी दिलेल्या उतारूंच्या यादीत हाउलंडचं नाव जॉन कार्व्हर या पहिल्या गव्हर्नरच्या घरात, नोकर म्हणून लिहिलेलं आहे. कार्व्हर १६२१ च्या वसंतात वारला, त्याची बायकोही पाठोपाठ गेली. १०२ उतारूंपैकी निम्मे त्या पहिल्या हिवाळ्यात आणि वसंतातच गेले होते.

नोव्हेंबर १६२० मध्ये उतारूंनी मिळून आपला कारभार चालवण्यासाठी जहाजावर केलेल्या मेफ्लॉवर करारावर हाउलंडची सही होती, हे तुम्हाला सगळीकडे वाचायला मिळेल. पण तो मूळ करार आज अस्तित्वात नाही. ४१ सह्या करणाऱ्यांची यादी आपल्याला नॅथॅनियल मॉर्टनने १६६९ मध्ये छापलेल्या पुस्तकातून मिळते, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनंतर. मॉर्टन वसाहतीचा सचिव होता, दप्तर त्याच्याच ताब्यात होतं, म्हणून ती यादी विश्वसनीय धरतात. तरी तुमच्या टिपणात ‘सही केली’ असं लिहिण्यापेक्षा ‘मॉर्टनच्या यादीत नाव आहे’ असं लिहिणं जास्त बरोबर.

मग येते १६२७ ची गुरांची वाटणी, आणि प्लिमथच्या दप्तरातला माझा सर्वांत आवडता कागद हाच. तोपर्यंत गुरं सामाईक होती. ती बारा वाट्यांमध्ये विभागली, प्रत्येक वाट्याला तेरा माणसं. वाटणी माणशी असल्यामुळे बायका आणि तान्ही मुलंही नावानिशी लिहावी लागली, आणि एरवी कुठेच न दिसणारी माणसं इथे दिसतात. चौथा वाटा हाउलंडच्या नावाने आहे. त्यात तो, बायको एलिझाबेथ, मुलगा जॉन, मुलगी डिझायर, शिवाय जॉन आल्डेनचं कुटुंब आणि आणखी काहीजण आहेत. त्यांच्या वाट्याला जेकब जहाजातून आलेली एक कालवड आली. तिचं नावसुद्धा लिहिलं आहे, रॅगहॉर्न. यावरून काय निघतं? मे १६२७ पर्यंत दोन मुलं झाली होती, म्हणजे लग्न १६२५ च्या आसपास किंवा त्याआधीच झालेलं असणार. लग्नाची नोंद आज मिळत नाही. चर्चमध्ये शोधण्यातही अर्थ नाही, कारण प्लिमथमध्ये लग्न न्यायाधीश लावत असे, पाद्री नाही.

त्याच सुमारास वसाहतीचं कर्ज अंगावर घेणाऱ्या प्रमुख मंडळींत हाउलंड दिसतो. १६३३ मध्ये तो गव्हर्नरच्या साहाय्यकांत आहे. नोकर म्हणून आलेल्या माणसाला हे स्थान मिळायला तेरा वर्षं लागली.

१६३४ चा कागद वेगळ्याच तऱ्हेचा. आजच्या मेन राज्यातल्या केनेबेक नदीवर प्लिमथचं व्यापारी ठाणं होतं आणि तिथे अधिकार हाउलंडचा होता. हॉकिंग नावाचा दुसऱ्या वसाहतीतला व्यापारी मनाई असूनही नदीत वर गेला. हाउलंडने आधी समजावलं, मग त्याच्या नावेचा दोर कापायला माणसं पाठवली. हॉकिंगने त्यातल्या मोझेस टॅल्बटला गोळी घातली आणि दुसऱ्याच क्षणी तो स्वतः गोळीने मेला. चौकशीत दिलेल्या साक्षीत हाउलंडचं बोलणं-वागणं दिसतं. पण ती साक्ष प्लिमथच्या बाजूची आहे. प्लिमथवर खुनाचा ठपका येत होता, त्यामुळे आपल्या माणसाने किती संयम दाखवला हे त्यात ठासून सांगितलेलं असणार, एवढं ध्यानात ठेवून ती वाचावी.

शेवटचा मोठा कागद म्हणजे २९ मे १६७२ चं मृत्युपत्र. शरीर थकत चालल्याचं तो सांगतो, ‘प्रिय पत्नी एलिझाबेथ’चा उल्लेख करतो आणि मुलांची नावं देतो : जॉन, जेबेझ, आयझॅक, जोसेफ, मग डिझायर गोरम, होप चिपमन, एलिझाबेथ डिकिन्सन, लिडिया ब्राउन, हॅना बॉसवर्थ, रूथ कुशमन. मुली सासरच्या आडनावाने आल्या आहेत. एका कागदावर सहा नवी घराणी जोडली गेली. म्हणूनच वंश शोधणारे मृत्युपत्रासाठी जीव टाकतात.

मृत्यूच्या नोंदीत तो ऐंशीच्या वर जगला असं म्हटलं आहे. त्या हिशोबाने जन्म १५९२ च्या आसपास, म्हणजे मेफ्लॉवरवर तो अठ्ठावीस वर्षांचा. पण ब्रॅडफर्डचा ‘तरुण’ आणि त्याचं नोकर असणं पाहता तो आणखी लहान असावा असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. म्हाताऱ्या माणसाचं वय त्या काळी पुष्कळदा वाढवून सांगितलं जाई. बाप्तिस्म्याची नोंद मिळत नाही तोवर मी दोन्ही शक्यता लिहून ठेवीन.

पूर्वज स्त्रियांचं माहेर कसं शोधायचं?

हे सर्वांत अवघड, आणि इथेच सर्वांत जास्त चुकीच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या असतात. हाउलंडच्या बायकोचंच पाहा. ती गव्हर्नर कार्व्हरच्या रक्ताची होती, अशी समजूत घराण्यात आणि पुस्तकांतही फार वर्षं होती. हाउलंड कार्व्हरच्या घरात होता, त्यामुळे ते पटण्यासारखंही होतं. ब्रॅडफर्डचं हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बॉस्टनहून नाहीसं झालं होतं. १८५५ मध्ये ते लंडनजवळ फुलम इथे बिशपच्या ग्रंथसंग्रहात असल्याचं उघड झालं, १८५६ मध्ये छापलं गेलं आणि १८९७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत आलं. त्यातल्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं की हाउलंडने जॉन टिलीच्या मुलीशी, एलिझाबेथशी लग्न केलं. टिली आणि त्याची बायको पहिल्या हिवाळ्यातच गेले होते. पुढे बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चमध्ये तिच्या बाप्तिस्म्याची १६०७ ची नोंदही मिळाली. आईबाप मेले तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती.

असं हस्तलिखित प्रत्येकाच्या नशिबी नसतं. मग वडिलांच्या बाजूने शोधा. गावातल्या त्या पिढीच्या सगळ्या मृत्युपत्रांत ‘माझी मुलगी अमुक’ म्हणून ते नाव सासरच्या आडनावासह येतं का पाहा. जमिनीच्या खरेदीखतात नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव असतं, कारण विधवेचा तिसऱ्या हिश्शाचा हक्क तिला सोडून द्यावा लागे. भावंडांनी मिळून विकलेली वडिलोपार्जित जमीन सापडली तर बहिणी आणि मेहुणे एकाच कागदावर मिळतात. आणि शेजारीपाजारी बघा. त्या काळी लग्नं बहुधा चालत जाता येईल एवढ्या अंतरात होत.

मृत्यू आधी आणि मृत्युपत्र नंतर, असं दिसतंय. नोंद चुकली का?

बहुधा नाही. इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्यूलियन पंचांग होतं आणि कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू होई. हाउलंडचं मृत्युपत्र मे १६७२ चं आणि मृत्यूची नोंद २३ फेब्रुवारी १६७२ ची. त्यांच्या हिशोबाने मेनंतर येणारा फेब्रुवारी अजून १६७२ मध्येच होता. आज आपण त्याला १६७३ म्हणू. म्हणून जानेवारी ते २४ मार्च या काळातली तारीख १६७२/७३ अशी दोन्ही वर्षं देऊन लिहायची. दिवस बदलू नका, जसा आहे तसाच उतरवा. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, मधले दिवस वगळले. क्वेकर पंथाच्या नोंदींत महिन्यांना नावांऐवजी क्रमांक असतात आणि १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च. डचांच्या न्यू नेदरलंडमध्ये (आजच्या न्यूयॉर्कच्या भागात) मात्र त्याच काळात नवं पंचांग चालत होतं.

जुनं इंग्रजी हस्ताक्षर अजिबात लागत नाही.

मोडी शिकताना जे करतो तेच इथे करायचं : आधी ठरावीक मायना पाठ करायचा. सतराव्या शतकातली मृत्युपत्रं जवळजवळ एकाच साच्यात असतात. छापलेली दोन-तीन वाचून काढली की हस्तलिखितातल्या पहिल्या दहा ओळी आपोआप लागतात, आणि त्या ओळींतून त्या लेखनिकाची अक्षरं कळतात.

नात्यांच्या शब्दांना सांभाळा. ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतील असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला आणि धाकट्याला असं म्हणत. ‘कझिन’ पुतण्या-भाच्यालाही म्हणत. ‘ब्रदर’ म्हणजे मेहुणा किंवा एकाच चर्चचा सभासदही असू शकतो.

इंटरनेटवर चौदा पिढ्यांचा तयार वृक्ष मिळाला, थेट इंग्लंडच्या राजापर्यंत. घ्यावा का?

सुगावा म्हणून घ्या, पुरावा म्हणून नको. एकाने केलेली चूक शेकडो जण उतरवतात आणि मग शेकडो जण म्हणतात म्हणून ती खरी वाटते. शिवाय जाणूनबुजून केलेली बनवाबनवीही आहे. गुस्ताव अँजू नावाच्या माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना पैसे घेऊन खोट्या वंशावळी करून दिल्या. खऱ्या कागदांच्या मध्ये एखादा बनावट बाप्तिस्मा किंवा मृत्युपत्र घालायची त्याची पद्धत होती. त्याच्या कामातून उतरलेली नावं आजही फिरत आहेत. अटलांटिक ओलांडणारी पिढी, म्हणजे इंग्लंडमधलं गाव आणि आईबाप, तिथे सर्वांत जास्त कडक राहा. हाउलंडच्या बाबतीत लंडनमधल्या हंफ्री हाउलंड या व्यापाऱ्याच्या १६४६ च्या मृत्युपत्रात आर्थर, जॉन आणि हेन्री या भावांचा उल्लेख आहे. तिघेही न्यू इंग्लंडमध्ये होते, आणि त्यावरून इंग्लंडमधल्या फेनस्टँटन गावच्या घराण्याशी नातं जोडता आलं. या तोडीचा कागद लागतो.

काउंटीचं दप्तरच जळून गेलं असेल तर?

व्हर्जिनियात हे फार वेळा होतं. यादवी युद्धात काही काउंट्यांनी कागद सुरक्षित राहावेत म्हणून रिचमंडला हलवले आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच पेटलं. जेम्स सिटी काउंटीचे कागद त्यातच गेले. पण वसाहतीच्या पातळीवरचे जमिनीचे पट्टे वाचले आहेत. व्हर्जिनियात माणूस आणणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन मिळे, म्हणून पट्ट्यात आणलेल्या माणसांची नावं असतात. पट्ट्याची तारीख म्हणजे आगमनाची तारीख समजू नका, मध्ये कित्येक वर्षं गेलेली असू शकतात. शेजारच्या काउंट्यांचे कोर्टाचे कागदही बघा. भांडणं हद्द पाळत नसत.

पूर्वज गुलामगिरीत असतील तर?

तर काम कितीतरी कठीण, आणि ते कठीण मुद्दाम केलं गेलेलं आहे. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या यादीत मालकाचं नाव असतं आणि माणसांचं फक्त वय, लिंग, वर्ण. बहुतेकांची नावं जनगणनेत प्रथम येतात ती १८७० मध्ये. तिथून मागे जाताना फ्रीडमन्स ब्युरो, म्हणजे मुक्त झालेल्या गुलामांसाठीचं सरकारी खातं, त्याचे कागद आणि त्याच लोकांसाठीच्या फ्रीडमन्स बँकेच्या खातेदारांच्या नोंदी पाहाव्यात. बँकेच्या अर्जांत आईवडील, भावंडं, जुन्या मालकाचं नावही कधीकधी मिळतं. त्याआधीचं सगळं मालकाच्या दप्तरातून काढावं लागतं : त्याचं मृत्युपत्र, मालमत्तेची मोजदाद, कर्जासाठीचं गहाणखत. गुराढोरांच्या रांगेत, किंमत घालून लिहिलेली माणसांची नावं वाचताना हात थांबतो. तरीही ती उतरवून घ्या. पुष्कळदा आई आणि मुलं एकापाठोपाठ लिहिलेली असतात आणि ते नातं दुसऱ्या कुठल्याच कागदावर नसतं.

डीएनए चाचणीने सिद्ध होईल का?

इतक्या मागचं, एकट्या चाचणीने नाही. अकरा पिढ्या मागे प्रत्येकाला २,०४८ पूर्वजांच्या जागा असतात, आणि त्यातल्या एकाचा तुमच्यात एकही तुकडा आलेला नसण्याची शक्यता मोठी. अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांत मात्र कागद अडला तर चुलत-मावस नात्यांची जुळणी फार मदत करते.

त्या काळच्या नोंदींत आपल्याकडचं कोणी सापडतं का?

हो. १६३५ च्या व्हर्जिनियातल्या जमिनीच्या कागदात जॉर्ज मेनेफीने आणलेल्या माणसांमध्ये ‘टोनी, ईस्ट इंडियन’ अशी नोंद आहे. नाव युरोपीय मालकाने दिलेलं, मूळ गाव लिहिलेलं नाही. वर सांगितल्याप्रमाणे तो कागद ५० एकरांच्या हक्कासाठी होता, टोनी कोण होता हे सांगण्याची कोणालाच गरज नव्हती. पुढच्या शतकात व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये ‘ईस्ट इंडियन’ म्हटलेली आणखी माणसं कोर्टाच्या दप्तरात आणि पळून गेलेल्या नोकरांच्या जाहिरातींत दिसतात. शोधताना फक्त हाच शब्द धरून बसू नका. लेखनिकांनी अशा माणसांना कधी नुसतं ‘इंडियन’, कधी ‘निग्रो’, कधी ‘मुलॅटो’ (मिश्र वंशाचा) लिहिलं आहे, त्यामुळे एकाच माणसाची नोंद तीन वेगळ्या नावांखाली असू शकते.

हे सगळं पुण्यात किंवा नागपुरात बसून होईल का?

बरंचसं होईल. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर काउंट्यांच्या खरेदीखतांची आणि मृत्युपत्रांची चित्रं मोफत पाहता येतात. शब्द टाकून शोधलं आणि काही मिळालं नाही म्हणून सोडू नका. पुष्कळशी पुस्तकं अनुक्रमणिकेत न घेता नुसतीच चित्ररूपात आहेत, ती पान उलटत वाचावी लागतात. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटी १८४५ पासून हेच काम करते. तिचा बराच साठा सभासदांसाठी आहे. मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने सुरुवातीच्या पाच पिढ्या कागदपत्रांसह तपासून छापल्या आहेत. तुमची साखळी त्यांतल्या पाचव्या पिढीपर्यंत आणून भिडवली की मूळ उतारूपर्यंतचा भाग तयार मिळतो.